डागी फळ आणि दान

अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूर मागे पडले की मेडशी लागते. आंबिया बहार उतरू लागला म्हणजे या वाटेवर संत्र्यांचे ढीग दिसतात. अशाच एका नाताळापूर्वी आम्ही तेथून एक टोपली घेतली. घरी येऊन फळे निवडली. तुकतुकीत संत्री पाहुण्यांसाठी ठेवली. ज्यांच्यावर हिरवट भुरी चढू लागली होती, त्यांचा नासका भाग कापून उरलेले आवारात काम करणाऱ्या मजुरांच्या मुलांना दिले. मुलांनी ती आनंदाने खाल्ली. कोणालाही अपाय झाला नाही. तरीही एक प्रश्न आमच्या मनातून जाईना : आम्ही केले ते दान की विल्हेवाट?

बुरशी दिसते तेवढीच नसते. सालीला इजा झाली की तेथून ती आत शिरते आणि तिचे तंतू डागाच्या पलीकडे पसरतात. प्रत्येक बुरशी विषारी नसते, हे खरे. तिच्याच एका जातीतून 1928 साली फ्लेमिंग यांना पेनिसिलिन गवसले. परंतु त्याच कुळातील दुसरी जात नासक्या सफरचंदात पॅट्युलिन नावाचे विष निर्माण करते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हेच द्रव्य सर्दीवरील औषध म्हणून इंग्लंडमध्ये अजमावले गेले होते! रस तापवला तरी ते पूर्णपणे नष्ट होत नाही. म्हणून आपल्या देशातील अन्नसुरक्षेच्या नियमांनी सफरचंदाच्या रसात किलोमागे 50 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. बेदाणे आणि सुके अंजीर यांतही अशी विषे आढळतात.

कायदा कारखान्यातील बाटली तपासू शकतो. घरात फळे निवडणारा हात कोण तपासणार?

1974 साली गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या आदिवासी भागांत अवकाळी पावसाने भिजलेल्या मक्यावर बुरशी चढली. सुमारे चारशे माणसे काविळीने आजारी पडली. त्यांतील 106 दगावली. तो मका त्यांनी अज्ञानाने खाल्ला, असे म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्या कणगीत दुसरे धान्यच नाही, त्याला निवड करण्याचे स्वातंत्र्य कोठले? डागी अन्न नेहमी उताराकडे वाहते. श्रीमंत ते टाकतो आणि गरीब ते उचलतो.

यावर कोणी म्हणेल, अन्न टाकणे हेही पापच नव्हे काय? शेतकऱ्याने घाम गाळून पिकवलेले फळ उकिरड्यावर जावे? आक्षेप रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर नासलेले फळ दुसऱ्याच्या पोटात ढकलणे हे नव्हे. फळ ओढून न तोडता कात्रीने देठ कापावा, ओल्या फळांची रास करू नये, एक नासले की ते तत्काळ वेगळे करावे. अन्नाचा आदर तेथून सुरू होतो. आणि आपण गिऱ्हाइकांनीही चार रुपयांसाठी इतकी घासाघीस करू नये, की विकणाऱ्याला ढिगाच्या तळाशी डागी माल दडवण्याचा मोह व्हावा.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा टोपली आणली. नासकी फळे खड्ड्यात पुरली; उरलेली मोजून मुलांना आणि पाहुण्यांना सारखी वाटली. पाहुण्यांच्या वाट्याला थोडी कमी आली, एवढेच. जे आपल्या ताटात चालत नाही, ते दुसऱ्याच्या ओंजळीत घालताना हात थबकला पाहिजे. आमचा हात थबकायला एक वर्ष लागले, याची खंत मात्र अजून आहे.