सब्र कुणी करायचा?

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि जतमधल्या आमच्या घराचीच शाळा झाली. दोन भावांचे एकत्र कुटुंब, सात मुले आणि सगळ्यांत मिळून एक स्मार्टफोन. घरात बोली दखनी, शाळेची भाषा मराठी, शेजारी कानडी बोलणारे. सुरुवातीला आम्हाला या सगळ्याचे कौतुकच वाटले. सतरंजीवर दुपारी पाढे, संध्याकाळी कुराणपठण. एप्रिलअखेर रमजान आला. मशिदी बंद, म्हणून तरावीहही घरातच झाली. घर हाच मदरसा, असे आम्ही अभिमानाने म्हणू लागलो.

पुढे मोबाईलवरचे वर्ग सुरू झाले आणि तो अभिमान गळाला. थोरला दहावीत, म्हणून सकाळी फोन त्याचा. त्याच्या पाठची मुलगी आठवीत. तिचा तास नेमका त्याच वेळी. ती म्हणाली, "अब्बा, भाईजानला द्या. मी नंतर वाचून काढीन." आम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरगी समजूतदार आहे, असे चारचौघांत सांगितले. मग धाकट्यांचे शुद्धलेखन तिच्याकडे आले. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागली की त्यांना टीव्हीसमोर बसवणे तिच्याकडे, भाकरीचे पीठ मळणेही तिच्याकडे. वर्षअखेरीस तिची वही पाहिली. बीजगणिताची पाने कोरी होती.

हदीसमध्ये नुमान बिन बशीर यांचा प्रसंग येतो. त्यांच्या वडिलांनी या एका मुलाला देणगी दिली आणि तिला साक्षी राहावे म्हणून ते पैगंबरांकडे गेले. पैगंबरांनी एवढेच विचारले की, सगळ्या मुलांना असेच दिले आहे का? उत्तर नकारार्थी येताच त्यांनी साक्ष नाकारली आणि मुलांमध्ये न्याय करण्यास सांगितले. हा प्रसंग आम्हाला पाठ होता. फोन देताना मात्र तो आठवला नाही.

कुणी म्हणेल, फोन एकच होता. कुणीतरी मागे राहणारच. खरे आहे. गरिबी हा आमचा गुन्हा नव्हता. दहावीच्या मुलाला आधी फोन देण्यातही अन्याय नव्हता. न्याय म्हणजे सगळ्यांना सारखे माप नव्हे. चूक पुढे झाली. एकीचे गप्प राहणे आम्ही तिची संमती समजलो आणि एका तासाचा त्याग तिचा कायमचा स्वभाव ठरवून टाकला. सब्र हा सोसणाऱ्याचा गुण आहे. वाटणाऱ्याच्या हाताला इन्साफ लागतो. वाटणारा जेव्हा समोरच्याच्या सब्राचे कौतुक करू लागतो, तेव्हा त्याने आपला हिशेब तपासावा.

१८५६ साली आजारपणामुळे नायगावला असलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. आमची मुलगीही कुरकुरली नाही. पण फरक मोठा आहे. फातिमांनी ते काम पत्करले होते आणि तिच्यावर पडणारा भार दूर आजारी असलेल्या सोबतिणीला दिसत होता. आमच्या मुलीचा भार आम्हाला एका छपराखाली दिसला नाही.

आमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक पायंडा पाडला. टाळेबंदीत मुलांना लागलेले मोबाईलचे वेड कमी व्हावे म्हणून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाईल, टीव्ही बंद. यातली मोलाची गोष्ट ही की, नियम मुलांपुरता नाही. मोठ्यांनीही मालिका सोडायची. सब्राची वाटणी अशी झाली तर ती जाचत नाही. आम्हीही फोनच्या आणि घरकामाच्या पाळ्या लावू शकलो असतो. थोरल्याला पीठ मळता आले असते, आम्हाला धाकट्यांचे शुद्धलेखन घेता आले असते.

परवा आम्ही तिला विचारले, "तेव्हा राग आला होता का गं?" ती म्हणाली, "आला होता. पण कुणी विचारलंच नाही."

महामारी गेली, शाळा उघडल्या. घरोघरची समजूतदार मुले अजून तिथेच आहेत. त्यांची तारीफ करण्याआधी आपण त्यांना एकदा विचारावे.