लाच देणाऱ्याचा दोष

इंग्रजीत मूळ क्रियापदाला छोटे अव्यय जोडून जी बोलचालीची क्रियापदे बनतात, त्यांपैकी ‘बाय ऑफ’ म्हणजे पैसे देऊन एखाद्याचा विरोध, तपास किंवा साक्ष थांबवणे. या क्रियेचा कर्ता लाच देणारा असतो. भारतीय कायद्याचा रोख मात्र दीर्घकाळ घेणाऱ्यावर होता. 1860 च्या दंडसंहितेतील कलम 161 लाच घेणाऱ्या लोकसेवकापुरते होते आणि देणारा केवळ अपप्रेरक, म्हणजे गुन्ह्यास चिथावणी वा साहाय्य करणारा, ठरत असे.

अमेरिकेत हा रोख पालटला. लॉकहीड या विमानकंपनीने विमाने खपवण्यासाठी परदेशी सत्ताधाऱ्यांना पैसे चारल्याचे उघड झाल्यावर, 1977 च्या कायद्याने परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणे हाच गुन्हा ठरवला. मात्र परवाना, व्हिसा यांसारखे नेहमीचे काम लवकर व्हावे म्हणून दिलेली चिरीमिरी त्यातून वगळली गेली. ब्रिटनच्या 2010 च्या कायद्याने ही सवलतही ठेवली नाही.

या दोन भूमिकांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. ज्यावर आपला हक्क नाही असा निर्णय किंवा मौन विकत घेणारा आणि हक्काचा दाखला मिळवण्यासाठी नाइलाजाने पैसे मोजणारा, हे दोघे समान दोषी मानावेत काय? अर्थतज्ज्ञ कौशिक बसू यांनी 2011 मध्ये दुसऱ्या प्रकारच्या देणाऱ्याला शिक्षेतून मुक्त करावे असे सुचवले, कारण शिक्षेचे भय नसले तर तो तक्रार करण्यास पुढे येईल, अशी त्यांची मांडणी होती. उलट, सरसकट मुक्ती दिल्यास लाच हे अधिकृत शुल्कच होऊन बसेल, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

भारताने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील 2018 च्या दुरुस्तीने मधला मार्ग काढला: देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, परंतु सक्तीने लाच द्यावी लागलेल्याने सात दिवसांत तक्रार केल्यास तो सुटतो. दोषाची कसोटी सक्तीवर ठेवणारे हे तत्त्व योग्य आहे. तथापि ज्याचे काम त्याच अधिकाऱ्याच्या हाती अडकलेले आहे, तो एवढ्या अवधीत त्याच्याविरुद्ध तक्रार करण्यास धजावणे कठीण असते. म्हणून ही मुदत लाच दिल्यापासून नव्हे, तर काम पूर्ण झाल्यापासून मोजणे अधिक न्याय्य ठरेल.