बांधावरचे वाटेकरी

माळकरी शेतकऱ्याला एक प्रश्न नेहमी बोचतो: पिकावर पडलेली कीड मारावी की नाही? सज्जनहो, त्याआधी दुसरा प्रश्न मनाला विचारावा. ती कीड खाणारा जीव आपण शेतात राहू दिला काय?

यवतमाळ जिल्ह्यात महागावाकडे कपाशी फार. कपाशीवर मावा पडतो, तो ढालकिडा खातो. मधे चवळीच्या ओळी असल्या तर तिच्यावरच्या माव्यावर ढालकिडे वाढतात आणि पुढे कपाशीकडे वळतात. बांधावर बोर-बाभूळ असली की कोतवाल फांदीवर बसून अळ्या-पतंग टिपतो. आपण मात्र बांध साफ करतो, झाड तोडतो आणि मग पाठीवर पंप घेतो. विष काही शत्रू-मित्र ओळखत नाही हो! २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली.

बांध राखला की सारे साधले, असेही नव्हे. गुलाबी अळी बोंडात शिरली की पाखराची चोच पोचत नाही. तिच्यासाठी फरदड न घेता पऱ्हाट्या वेळीच काढाव्या लागतात. कष्ट चुकत नाहीत.

मग धर्म कोणता? कीड मरूच नये, हा नव्हे. कोतवालही अळी खातोच. आपल्या भयापायी निरपराध जीवांचे घर मोडू नये, हा धर्म. बाभळीच्या सावलीने दोन तासांचे पीक थोडे उणे येईल. तो राखणदारांचा वाटा समजावा. दारी आलेल्या वारकऱ्याला भाकरी वाढताना आपण हिशेब करतो काय?