दुसऱ्या दिवसाची सेवा

(आजचे शुभवर्तमान : लूक १०:२५-३७)



चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कॅटेकिझमच्या वर्गात तिचे नाटक केले नाही असे मूल विरळाच. यरीहोची वाट, लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला वाटसरू, बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, आणि अखेर थांबलेला तो परका माणूस. उभे आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेल्या माणसाला ही गोष्ट कशी दिसते ते लिहा, असे फादर मला म्हणाले. मी उपदेशक नाही, शल्यचिकित्सक आहे. तेव्हा माझ्या हातून जे घडले आणि जे चुकले, तेवढेच सांगतो.

शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला व पट्ट्या बांधल्या. त्या काळाच्या मानाने हा उत्तम प्रथमोपचार होता. द्राक्षारसाने जखम धुतली जाते, तेलाने ती मऊ राहते. आपले मनन बहुधा इथेच थांबते. पण संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात ज्याला प्रिय वैद्य म्हटले आहे, त्या लूकच्या शुभवर्तमानात ही गोष्ट इथे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, याची काळजी घे म्हणून सांगितले आणि जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन असा शब्द दिला. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हा दुसरा दिवस मला फार उशिरा दिसला. तो ज्याच्यामुळे दिसला, त्याची गोष्ट ही.

मी नवा नवा सर्जन होतो. हात चालू लागला होता आणि त्याचा अभिमानही होता. जून महिना होता. आर्वी तालुक्यातून, रोहण्याच्या पलीकडच्या एका लहान गावातून एक शेतमजूर आला. पायात बाभळीचा काटा मोडलेला, पाय सुजून भोपळ्यासारखा, आणि अंगात शुगर, जी त्याला तोपर्यंत ठाऊकच नव्हती. मी गळू फोडले, पू काढला, जखम स्वच्छ केली. काम चांगले झाले. चार दिवसांनी घरी सोडताना कार्डावर लिहिले, ‘दर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग.’ तोंडानेही बजावले. माझ्या मते माझे कर्तव्य संपले होते.

तो आला सतराव्या दिवशी, बैलगाडीतून. बोटे काळी पडली होती आणि वास दारातूनच येत होता. मी संतापलो. “तिसऱ्या दिवशी ये म्हणून सांगितलं होतं ना?” तो खाली मान घालून बसला. उत्तर त्याच्या बायकोने दिले. आवाजात राग नव्हता. ती म्हणाली, “तुमी ‘या’ म्हनलं साहेब, पन कसे येसान हे नाही इचारलं.”

पेरणीचे दिवस होते. तिची मजुरी बुडाली तर घरात चूल पेटत नव्हती. एसटी गाठायची तर चिखलातून दोन कोस चालायचे, आणि त्याला तर जमिनीवर पाय टेकवत नव्हता. यातले काहीही मी विचारले नव्हते. त्याचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. तेही ऑपरेशन चांगले झाले. पण त्या रात्री मला कळले की मी याजक किंवा लेवी नव्हतो, मी थांबलो होतो. फक्त पहिल्याच दिवशी थांबलो होतो.

बंधू-भगिनींनो, दोष केवळ माझा होता असे म्हणून मी सुटू पाहत नाही आणि शिक्षणावर ढकलूनही सुटत नाही. पण आम्ही कसे शिकतो ते सांगायला हवे. सर्जन होणारा मुलगा आधी हात धुवायला शिकतो, मग तासन्‌तास चिमटे धरून उभा राहतो, गाठी मारतो, टाके घालतो आणि मग सुरी हातात येते. जसजसा तो वर चढतो तसतसा रुग्णाच्या खाटेपासून दूर जातो. ड्रेसिंगचे काम सर्वांत नव्या मुलाकडे. खाटेवरची चादर बदलणे, भांडे देणे हे सिस्टरकडे आणि मावशीकडे. कोणी तोंडाने म्हणत नाही, पण शिकणारा मनात नोंद करतो की जखम करणे मोठे काम आणि जखम भरून आणणे लहान काम. वास्तविक शरीर बरे होते ते दुसऱ्या कामाने.

एक उदाहरण पाहा. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. गांधीजी तेव्हा येरवड्याचे कैदी होते. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया पूर्ण झाली. ही कंदिलाची गोष्ट सगळे सांगतात. पण पुढे जखम भरायला वेळ लागला, ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली तेव्हाही ते पुरते बरे नव्हते. त्या दिवसांत जखमेची देखभाल करणाऱ्या हातांची गोष्ट आपण क्वचितच सांगतो.

मात्र खुद्द रुग्ण ती विसरला नसावा. १९३६ मध्ये ते आपल्या वर्धा जिल्ह्यात शेगावला राहायला आले, ज्याचे पुढे सेवाग्राम झाले. १९३९ मध्ये तिथे परचुरे शास्त्री आले. ते संस्कृतचे पंडित आणि येरवड्याच्या तुरुंगातले जुने सोबती. कुष्ठरोगाने ते खंगले होते आणि त्या काळी अशा माणसाच्या वाऱ्यालाही कोणी उभे राहत नसे. गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांना झोपडी दिली आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करू लागले. देशाचे पुढारी भेटीसाठी येत, व्हाइसरॉयशी पत्रव्यवहार चालू असे, तरी हे काम ते दुसऱ्यावर सोपवत नसत. आमच्याकडे जे काम सर्वांत नव्या मुलाकडे जाते, ते तिथे सर्वांत मोठ्या माणसाने घेतले होते.

त्याच सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. नव्या विद्यार्थ्यांनी वैद्यकीच्या पुस्तकांआधी पंधरवडाभर आश्रमात राहायचे, झाडलोट आणि श्रमदान करायचे अशी रीत तिथे पडली. मग प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे, मुक्कामाला तिथे जायचे, आणि प्रत्येक मुलाने काही कुटुंबांशी नाते जोडायचे. १९८० च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावागावांत ज्वारी गोळा करून आरोग्य विमा उभा केला. हंगामात ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि आजारपणात इस्पितळाने सांभाळायचे. मी तिथला विद्यार्थी नव्हे. पण हे पाहिल्यावर मला त्या बाईच्या प्रश्नाचे मर्म उमगले. ज्या डॉक्टरने रुग्णाचे घर पाहिले आहे, तो ‘या’ म्हणण्याआधी ‘कसे याल’ हे विचारतो.

तेव्हापासून घरी सोडताना मी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारू लागलो. घरी कोण आहे? पाणी कुठून आणता? परत कसे याल? माझ्या हाताखालच्या मुलांनाही मी हेच शिकवले. टाका चुकला तर मी दुसऱ्यांदा दाखवला, पण हे प्रश्न विसरला तर रागावलो. शेवटच्या प्रश्नाला पुष्कळदा उत्तर नसे. मग डिस्चार्ज पुढे ढकलावा लागे, किंवा गावातल्या आरोग्यसेविकेला चिठ्ठी लिहावी लागे, किंवा कोणा नातलगाला बोलावून ड्रेसिंग शिकवावे लागे. शोमरोन्याचे दोन दिनार म्हणजे हीच व्यवस्था.

आता उतारशाळेच्या मालकाकडे वळू या. त्याचे नाव नाही, त्याच्या तोंडी एक शब्द नाही. पण शोमरोनी निघून गेल्यावर त्या जखमी माणसाला पाणी कोणी पाजले? पट्टी कोणी बदलली? रात्री कण्हला तेव्हा दिवा घेऊन कोण उठले? डॉक्टर निघून जातो, त्याला जावेच लागते. मागे उतारशाळा लागते. आणि आपला धर्मग्राम ही उतारशाळा नसेल तर आपण रविवारी इथे कशासाठी जमतो?

आज पहिल्या दिवसाची सोय पूर्वीपेक्षा बरी आहे. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. सरकारी योजनेतून अनेक ऑपरेशने होतात. पण तिसऱ्या दिवशीच्या ड्रेसिंगसाठी दारात रुग्णवाहिका येत नाही. क्षयाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात. पाचव्या महिन्यात बरे वाटू लागलेल्या माणसाला ‘आजची गोळी घेतली का?’ असे कोणीतरी विचारावे लागते. पक्षाघात झालेल्या आजीला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. तिच्या सुनेला एक दुपार झोप मिळावी म्हणून शेजारणीने जाऊन बसावे लागते. यासाठी पदवी लागत नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. आज मिस्सा संपल्यावर घाईने निघू नका. आपल्या गल्लीत, आपल्या वाडीत इस्पितळातून नुकते कोण घरी आले आहे ते एकमेकांना विचारा. तो आपल्या धर्माचा आहे की नाही हे विचारू नका, शोमरोन्यानेही विचारले नव्हते. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याने आठवड्यातली एक फेरी द्यावी. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने केसपेपरच्या रांगेत उभे राहावे. ज्या घरी भाकरी जास्त होते त्या घराने दोन भाकरी पाठवाव्यात. आणि ज्या तरुणांना डॉक्टर किंवा नर्स व्हायचे आहे, त्यांनी प्रवेश परीक्षेच्या आधी एखाद्या म्हाताऱ्याची जखम धुऊन पाहावी.

तो शेतमजूर पुढे कुबडीवर चालायला शिकला. एकदा भेटायला आला तेव्हा शेतातल्या तुरीच्या शेंगा घेऊन आला होता. मी क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, “जाऊ द्या साहेब, आता तं इचारता ना?”

प्रभू येशू हाच प्रश्न आज आपल्याला विचारत आहे, असे मला वाटते.

प्रार्थना करू या : हे प्रभो, तू आमच्या जखमा बांधल्यास आणि आम्हांला सोडून गेला नाहीस. डॉक्टर, परिचारिका आणि सेवकांच्या हातांना कौशल्य दे आणि त्यांच्या डोळ्यांना रुग्णाचे घर दिसू दे. आम्हां सर्वांना दुसऱ्या दिवशीही थांबण्याचे धैर्य दे. आमेन.