उतारशाळेचा मालक काय करील?



ज्यांची मुले-भावंडे अमेरिकेत किंवा कॅनडात स्थायिक झाली आहेत, अशा काही धर्मग्रामस्थांनी मिस्सानंतर मला एक प्रश्न विचारला आहे. निर्वासितांची सेवा करायला तिकडच्या चर्चने सरकारचा पैसा घेतलाच कशाला? आपल्या ताकदीने केले असते तर २०२५ साली जी पाळी आली ती आली नसती. प्रश्न रास्त आहे. तो फक्त तिकडचाही नाही. दुसऱ्याच्या पैशाने परक्याची सेवा करणाऱ्या प्रत्येक संस्थेचा आहे.

आधी घडले काय ते पाहू. अमेरिकेत १९८० साली निर्वासितांचा कायदा झाला. कोणाला देशात घ्यायचे हे सरकार ठरवते. पण विमानतळावर उतरलेल्या कुटुंबाला घेऊन येणे, भाड्याचे घर शोधणे, अंथरूण-भांडी जमवणे, मुलांना शाळेत घालणे, पहिली नोकरी मिळवून देणे, हे सारे सेवाभावी संस्था करीत आल्या. तेथील कॅथलिक बिशप परिषद त्यांतली एक मोठी संस्था. पैशाची रीत अशी की संस्थेने आधी खर्च करायचा, मग बिल पाठवायचे आणि सरकारने भरपाई द्यायची. २४ जानेवारी २०२५ रोजी सरकारने ही रक्कम स्थगित केल्याचे कळवले. परिषदेकडे सोपवलेल्या ६,७०० हून अधिक निर्वासितांना त्या वेळी देशात येऊन ९० दिवसही झाले नव्हते. घरमालक काही भाड्यासाठी थांबत नाही. परिषदेला ५० कर्मचारी कमी करावे लागले, ती न्यायालयात गेली, आणि ७ एप्रिल २०२५ रोजी तिने जाहीर केले की सरकारबरोबरचे हे करार आता नव्याने करणार नाही.

त्याच जानेवारीत उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी, जे स्वतः कॅथलिक आहेत, दूरचित्रवाणीवर शंका काढली की बिशपांना चिंता माणसांची आहे की दहा कोटी डॉलरची. परिषदेने उत्तर दिले की सरकारी रक्कम या कामाला पुरतही नाही. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो. पण तो करता आला, हेही खरे. ज्याच्या हाती दुसऱ्याची थैली असते, त्याच्या हेतूविषयी लोक बोलणारच. संत पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी करिंथमध्ये वर्गणी गोळा करीत होता, तेव्हा त्यालाही ही धास्ती होती. म्हणून पैसे नेण्यासाठी मंडळींनीच माणसे निवडावीत, अशी सोय त्याने केली.

आता मूळ प्रश्न. दयाळू शोमरोन्याचा दाखला आपल्याला पाठ आहे. याजक, लेवी आणि शोमरोनी, तिघांवर आपण ढीगभर प्रवचने ऐकली. उतारशाळेच्या मालकावर मात्र कोणी बोलत नाही. शोमरोनी त्याला दोन दिनार देतो, जखमीची काळजी घ्यायला सांगतो, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना भरून देण्याचे वचन देऊन निघून जातो. म्हणजे आधी खर्च, मग भरपाई! निर्वासितांची सेवा करणाऱ्या आजच्या संस्था बहुधा शोमरोनी नसतात, त्या उतारशाळेच्या मालक असतात. प्रभू येशूने गोष्ट तिथेच सोडली. शोमरोनी परत आला की नाही, आपल्याला कळत नाही. समजा, तो आलाच नाही. जखमी माणूस माडीवर झोपला आहे, दोन दिनार संपले आहेत. मालक काय करील?

माझ्या मते, दिनार घेण्यात मालकाचे काहीच चुकले नाही. निर्वासित ही चर्चची खासगी पाहुणेमंडळी नव्हे. त्याला देशात घेतले ते सगळ्या समाजाच्या वतीने, मग त्याच्या पोटापाण्याचा भारही कराच्या पैशातून उचलला जाणे न्यायाचेच आहे. चर्चने सगळे एकट्याने केले तर शासन आपल्या कर्तव्यातून फुकट सुटेल. यावर कोणी म्हणेल, आधी घरचे, मग दारचे. व्हान्स यांनी प्रीतीच्या क्रमाचा हा विचार मांडलाही होता. पोप फ्रान्सिस यांनी १० फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकन बिशपांना लिहिलेल्या पत्रात त्यावर याच शोमरोन्याच्या दाखल्याची आठवण दिली. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस घोकला होता, त्यातही हे सापडते. प्रीतीला क्रम असतो हे तो मान्य करतो. पण परका अगदी टोकाच्या गरजेत असेल आणि बापाला तशी निकड नसेल, तर आधी परक्याला मदत करावी, असेही तोच सांगतो.

तेव्हा पैसा घ्यावा. पण पैसा देणाऱ्याचा असतो आणि पाहुण्याला दिलेला शब्द आपला असतो. देणाऱ्याने हात आखडला म्हणून आपला शब्द आपोआप रद्द होत नाही. म्हणून अनुदानाचा अर्ज भरण्याआधी, तो थांबला तर माडीवरच्या माणसाचे काय, याचे उत्तर संस्थेकडे असले पाहिजे. चार ठिकाणांहून थोडे थोडे मागणे, चार महिन्यांचे भाडे बाजूला ठेवणे, या रुक्ष गोष्टी वाटतात, पण मला तर त्या धर्माचरणाचाच भाग वाटतात.

दुसरेही एक उदाहरण आहे. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या वैद्यकीय संस्थेने जून २०१६ मध्ये युरोपियन युनियन आणि तिच्या सदस्य देशांचा पैसा नाकारला. युरोपात येणाऱ्यांना तुर्कस्तानात परत पाठवण्याचा करार तिला अन्यायाचा वाटला. एवढा ताठ कणा परवडला, कारण तिचे ९० टक्क्यांहून अधिक उत्पन्न खासगी देणगीदारांकडून येत होते, आणि त्यांत सामान्य माणसेच फार. विधवेच्या दोन नाण्यांकडे आपण त्याग म्हणून पाहतो. संस्थेला 'नाही' म्हणण्याचे बळही तीच नाणी देतात.

आपल्या देशात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. शिवाय २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगीतून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि ती देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी घातली. हिशेब मागण्यात गैर काही नाही. पण मोठ्या संस्थेमार्फत खेड्यातल्या छोट्या संस्थेपर्यंत पोहोचणारी वाट त्यामुळे बंद झाली.

अर्जाच्या कागदाची आणखी एक खोड आहे. त्याला मोजता येईल तेच दिसते: शिलाई यंत्रे किती, 'लाभार्थी' किती, फोटो कुठे आहेत. मग रडणाऱ्या मुलाचा फोटो शोधला जातो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कान्टने सांगितले. चांगल्या कामासाठीही वापरू नये, हे आपण त्यात धरायला हवे. फादर पेद्रो अरुपे यांनी १९८० साली समुद्रात होडीतून भटकणाऱ्या व्हिएतनामी लोकांची अवस्था पाहून जेझुइट निर्वासित सेवा सुरू केली. सोबत करणे, सेवा करणे आणि हक्कांसाठी उभे राहणे, ही त्या संस्थेची तीन कामे. पहिले काम सोबतीचे आहे. भाषा न कळणाऱ्या बाईबरोबर इस्पितळाच्या बाकड्यावर तीन तास बसणे, यासाठी कोणत्या अर्जात रकाना असतो?

आपल्यापुढेही असाच एक अर्ज आहे. बांधकामावरच्या परप्रांतीय कुटुंबांच्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग काढायला एक दाता वर्षभराचे मानधन द्यायला तयार आहे. धर्मग्राम समितीची सभा पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आहे. वर्षानंतर तो वर्ग स्वतःच्या पैशावर आपण किती महिने चालवू शकू, हा आकडा प्रत्येक विभागाने सभेला घेऊन यावा. तो पाहिल्यावरच मी अर्जावर सही करीन.

— प्रमुख धर्मगुरू