मुदतीची सत्ता

बंगळूरच्या के. आर. मार्केटजवळच्या गर्दीत व्हिक्टोरिया हॉस्पिटलची जुनी इमारत आहे. तिची कोनशिला २२ जून १८९७ रोजी बसवली गेली. मराठी माणसाला ही तारीख वेगळ्या कारणाने पाठ असते. व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. बंगळुरात त्याच निमित्ताने कोनशिला बसवणाऱ्या होत्या म्हैसूरच्या महाराणी केम्पनंजम्मण्णी, वाणीविलास सन्निधान. वय तिशीच्या आसपास, वैधव्याला तीन वर्षंही पुरी झालेली नव्हती, आणि राज्याची सूत्रं हाती होती.

राणीने राज्य कसं राखलं, हा प्रश्न निघाला की डोळ्यांपुढे पहिली येते ती इंग्लंडची पहिली एलिझाबेथ. १५५८ ते १६०३, तब्बल ४४ वर्षं. पदरी खडं सैन्य नाही, तिजोरीत फारसा पैसा नाही, गावोगावचा कारभार बिनपगारी न्यायाधीशांवर सोडलेला. अशा राज्यात तिचं मोठं हत्यार म्हणजे चालढकल. स्पेनच्या फिलिपपासून फ्रान्सच्या राजपुत्रापर्यंत अनेकांना लग्नाच्या बोलण्यात तिने वर्षानुवर्षं झुलवत ठेवलं. स्कॉटलंडच्या मेरीच्या मृत्युदंडाच्या आदेशावर १५८७ मध्ये सही केली, आणि शिक्षा अमलात येताच खापर सचिव डेव्हिसनच्या माथी फोडून त्याला तुरुंगात धाडलं. आपला वारस कोण, हे तर तिने अखेरपर्यंत जाहीर केलं नाही. बहिणीच्या राज्यात ती स्वतःच वारस होती. मावळत्या राजाला सोडून लोक उगवत्याकडे कसे वळतात, हे तिने जवळून पाहिलं होतं. वारसाची जागा मोकळी ठेवणं हाच तिच्या सत्तेचा कणा होता.

आपल्याकडच्या राण्यांचं गणित नेमकं उलटं दिसतं. त्यांची सत्ता उभी राहते ती मांडीवरच्या वारसावर. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले तेव्हा ताराबाई पंचविशीत होत्या; चार वर्षांच्या शिवाजीला पुढे करून त्यांनी औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली. म्हैसूरच्या लक्ष्मम्मण्णींनी हैदर आणि टिपूच्या काळात गादी परत मिळवण्यासाठी इंग्रजांशी दीर्घकाळ संधान बांधलं. १७९९ मध्ये ती मिळाली, आणि तिच्यावर बसला पाच वर्षांचा कृष्णराज. एलिझाबेथला वारस म्हणजे धोका वाटला, आपल्या राण्यांना तोच परवाना होता. पण परवान्यावर मुदत लिहिलेली असते. मूल मोठं होतं, आणि ज्या दिवशी ते वयात येतं त्या दिवशी आईची सत्ता संपते.

केम्पनंजम्मण्णींना ही मुदत पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. डिसेंबर १८९४ मध्ये महाराज चामराजेंद्र कलकत्त्यात वारले, तेव्हा मुलगा कृष्णराज दहा वर्षांचा होता. वर इंग्रज रेसिडेंट, खाली शेषाद्री अय्यरांसारखा बलदंड दिवाण. त्यात म्हैसूरच्या राजघराण्याची एक जुनी जखम होती. गैरकारभाराचं कारण सांगून १८३१ मध्ये इंग्रजांनी राज्य आपल्या ताब्यात घेतलं, ते परत दिलं १८८१ मध्ये. पन्नास वर्षांनी हाती आलेलं राज्य तेरा वर्षांत पुन्हा पोरकं झालं होतं. अल्पवयीन राजा हे साम्राज्याच्या हाती आयतंच निमित्त. एलिझाबेथसारखी टाळाटाळ इथे परवडणारी नव्हती, कारण दिरंगाई हाच गैरकारभाराचा पुरावा ठरला असता. १८९६ पासून तर इंग्रजांना द्यायची वार्षिक रक्कम साडेचोवीस लाखांवरून ३५ लाखांवर गेली. या राणीचं राज्य राखणं म्हणजे बोट ठेवायला जागा न ठेवणं.

राणीच्या हाती सूत्रं असलेल्या साडेसात वर्षांतल्या कामांची यादी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. हिरियूरजवळ वेदवती नदीवर मारीकणिवेचं धरण सुरू झालं, ते पुरं झालं १९०७ मध्ये. शिवनसमुद्रचा जलविद्युत प्रकल्प याच काळात हाती घेतला गेला. १९०२ मध्ये तिथली वीज सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींत पोहोचली आणि १९०५ मध्ये बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले. १८९७ मध्ये म्हैसूरचा लाकडी राजवाडा जळाला. नवा उभा राहिला तो १९१२ मध्ये. १८९८ मध्ये प्लेग बंगळुरातही आला. दाटीवाटीच्या पेठांतून लोकांना मोकळं करण्यासाठी बसवनगुडी आणि मल्लेश्वरमच्या वसाहती आखल्या गेल्या, आणि त्या भरत गेल्या पुढच्या दशकांत. बहुतेक कामांचा शेवट राणीच्या मुदतीपलीकडे आहे. आपल्या हयातीतल्या सत्तेसाठी झटणारा माणूस लवकर पिकणारं पेरतो. इथे पेरणी आंब्याची होती.

यावर आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं शेषाद्री अय्यरांचं, राणीचं फक्त नाव. आक्षेपात तथ्य आहे. अय्यर १८८३ पासून दिवाण होते, धरण आणि वीज यांमागचं डोकं त्यांचं होतं, आणि कारभार चालवायला मंडळ होतं. पण हाच आक्षेप एलिझाबेथवरही घेतला गेला; चाळीस वर्षं तिच्या पदरी असलेल्या विल्यम सेसिलला राज्याचं श्रेय देणारे कमी नाहीत. तोडरमलाने महसुलाची घडी बसवली म्हणून अकबराचं श्रेय मात्र कुणी कापून घेत नाही. योग्य माणूस ओळखणं, त्याच्या पाठीशी उभं राहणं, पण गादी त्याच्या हाती जाऊ न देणं हाही राज्यकारभारच. तब्येत ढासळल्यावर १९०१ मध्ये अय्यर पायउतार झाले. त्यांच्या जागी जुने दिवाण पूर्णय्या यांच्या घराण्यातले पी. एन. कृष्णमूर्ती आले आणि कारभार थांबला नाही. व्यवस्था एकाच माणसावर टेकलेली नव्हती, याचा यापेक्षा सरळ पुरावा कोणता?

मुदतीच्या सत्तेची खरी परीक्षा मात्र शेवटच्या दिवशी असते. ताराबाईंच्या पराक्रमाची नोंद मोगलांचा इतिहासकार खाफीखानानेही केली. पण १७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आले, तेव्हा ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवलं, आणि त्या वादातून सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. १७१४ मध्ये कोल्हापूरच्या राज्यातच सवत राजसबाईंच्या पक्षाने त्यांना मुलासह कैद केलं. ज्या हातांनी राज्य वाचवलं त्याच हातांना ते सोडता आलं नाही. हा दोष एकट्या ताराबाईंचा म्हणता येत नाही. भर लढाईत सूत्रं सोपवायची कुणाकडे, याचं उत्तर तेव्हा तलवारच देत होती. केम्पनंजम्मण्णींच्या पाठीशी शांतता होती, आणि वर एक परकी सत्ता होती जी ठरल्या दिवशी सूत्रं मागणारच होती. तरीही ८ ऑगस्ट १९०२ रोजी लॉर्ड कर्झनच्या उपस्थितीत अठरा वर्षांच्या कृष्णराजांनी अधिकार स्वीकारले, तेव्हा त्यांच्या हाती आलं ते अखंड राज्य आणि पुढच्या दशकाची अर्धी कामं.

एलिझाबेथने राज्य राखलं ते कुणालाही आपल्यानंतरचं चित्र न दाखवता. म्हैसूरच्या राणीने ते राखलं आपल्यानंतरचं चित्र रोज डोळ्यांपुढे ठेवून. सत्ता किती काळ हाती राहिली, यावर आपण राज्यकर्त्यांची उंची मोजतो. ती कशाच्या भरवशावर सोडता आली, हा मापदंड क्वचितच लावतो.

व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या शेजारी आज वाणीविलास हॉस्पिटल आहे, बायकांचं आणि मुलांचं. शेजारी नाव आहे ते भारतात कधीही पाऊल न ठेवलेल्या राणीचं. सकाळी इथे बाह्यरुग्ण विभागापुढे रांग लागते, आणि रांगेत बसलेल्या बायकांच्या मांडीवर मुलं असतात.