हूल देणे हे पाप आहे काय?

पोळ्याचा सण आला की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बैलांस विसावा मिळतो, आणि पुष्कळ गावी माणसे पारावर पत्ते घेऊन बसतात. मंडळ्यांतील तरुणही तेथे ओढले जातात. पाळकांनी त्यांस हटकले असता त्यांच्यातील विचारी तरुण उलट प्रश्न करतात: "तीन पत्तीत हाती काही नसताना चाल वाढवून समोरच्यास हूल देणे, हे खोटे बोलणे होय काय? येथे हूल दिली जाते हे सर्वांस ठाऊक असते. मग फसवले कोणास?" हा प्रश्न टाळण्याजोगा नाही.

प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. बावन्न पत्त्यांतून तीन पाने २२,१०० प्रकारांनी येऊ शकतात. त्यांपैकी १६,४४० प्रकारांत साधी जोडीदेखील नसते. म्हणजे चार हातांपैकी सुमारे तीन रिकामेच. अशा खेळात जो केवळ चांगल्या पानांवर पैसे लावतो, तो लवकर ओळखला जातो. त्याने चाल केली की बाकीचे पॅक होतात. जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या विद्वानांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पोकर या खेळाविषयी हेच गणिताने सिद्ध केले आहे. हूल पकडली गेली तरी ती अगदी वाया जात नाही. कारण पुढे तोच मनुष्य खऱ्या बळावर चाल करतो, तेव्हाही लोक संशयाने पैसे लावतात. तेव्हा हूल हा खेळाचा दोष नसून गाभाच होय.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. आय नगर घेताना यहोशवाच्या लोकांनी हरल्याचे सोंग करून पळ काढला, आणि दबा धरून बसलेल्यांनी नगर घेतले. कबड्डीत चढाई करणारा गडी एकीकडे झेप दाखवतो व दुसरीकडे हात मारतो. त्यास कोणी लबाड म्हणत नाही. नववी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मना करते. जेथे दोघांनीही एकमेकांच्या हालचालीवर विश्वास न ठेवण्याचे आधीच मान्य केले आहे, तेथे त्या आज्ञेचा भंग झाला असे आम्हांस म्हणवत नाही. येथवर तरुणांचे म्हणणे खरे आहे.

परंतु हुलीस बळ कोठून येते? चिंचोके लावून खेळून पाहा. तेथे हुलीस कोणी भीत नाही; जो तो हसत शेवटपर्यंत पाने पाहतो. हूल चालावयास समोरच्याच्या मनात खरे भय लागते. मोठ्या स्पर्धांत हे स्पष्ट दिसते. तेथे प्रत्येकास आरंभी सारख्याच चकत्या मिळतात, आणि त्या संपल्या की तो कायमचा बाद होतो. म्हणून बक्षिसांची वेळ जवळ आली की कसलेले खेळाडू बाद होण्यास भिणारा मनुष्य हेरतात व त्याच्यावर चाल वाढवतात. ज्यास गमावण्याजोगे काहीच उरले नाही, त्याच्यापुढे हूल लंगडी पडते. अमेरिकेत लास वेगास येथे २००३ सालच्या स्पर्धेत ख्रिस मनीमेकर नामक हिशेबनिसाने हाती जोडीही नसताना आपल्या साऱ्या चकत्या पुढे लोटल्या. सॅमी फर्हा याच्याजवळ नव्वीची जोडी होती, म्हणजे सरस हात होता. तरी त्याने पाने टाकली. पुढे मनीमेकर याने २५ लाख डॉलर जिंकले. जगाने त्याच्या धैर्याची वाहवा केली. पण सरस पाने असलेल्याचा हात मागे घेतला तो हानीच्या भयाने, हे विसरू नये.

तेव्हा आमच्या मते दोष नवव्या आज्ञेत शोधू नये. तो दहाव्या आज्ञेत आहे. हूल देणाऱ्याची जीभ कदाचित निर्दोष असेल, पण त्याचा डोळा शेजाऱ्याच्या खिशावर असतो, आणि शेजाऱ्याचे भय हे त्याचे हत्यार असते. कोणी म्हणेल, "तोही माझ्या पैशांवर टपलेला असतो, दोघेही राजी आहेत." दोघांचा लोभ एकत्र आला म्हणून त्याचे पुण्य होते काय? शिवाय सर्वच राजी असतात असे नाही. पारावर पडणारा पैसा सोयाबीनचा वा कपाशीचा असतो. त्यात बियाण्याचा, घरधनिणीच्या कष्टांचा, लेकरांच्या वह्यांचा वाटा असतो. ती माणसे डावात बसलेली नसतात, त्यांनी पाने पाहिलेली नसतात, आणि पॅक होण्याची मोकळीक त्यांस नसते.

२०२५ साली संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा केला. तो योग्यच आहे, परंतु लोभास मनाई करणे कोणत्याही कायद्याच्या हाती नाही. म्हणून मंडळीतील वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे की, तरुणांस सरसकट लबाड म्हणू नये. ते त्यांस पटत नाही, आणि खरेही नाही. त्यांस कबड्डी खेळू द्यावी, चिंचोके लावून पत्तेही खेळू द्यावे, आणि मग विचारावे: यात पैसा घातल्याने गोडी वाढते, ती कशाची?

वधस्तंभाच्या पायथ्याशी शिपायांनी प्रभूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. त्या खेळात कोणी कोणास फसवले असे शास्त्र सांगत नाही. पण त्यांची नजर झग्यावर होती, आणि ज्याचा तो झगा, तो त्यांच्या डोक्यावर मरत होता.